दान, दियानत आणि दानत

एखाद्या माणसाजवळ पैसा आहे, देण्याचे निमित्त आहे आणि मागणाऱ्याची गरजही खरी आहे, तरीही त्याच्या हातून काही सुटत नाही, तेव्हा मराठी भाषक त्याच्याविषयी एकच वाक्य बोलतात : त्याच्याकडे दानत नाही. या वाक्यात संपत्तीविषयी काहीही म्हटलेले नसते, जे म्हटलेले असते ते मनाच्या ठेवणीविषयी. उदारता, औदार्य, दातृत्व, दिलदारी, मनाचा मोठेपणा असे अनेक शब्द मराठीत असताना देणाऱ्या मनाची खरी कसोटी सांगण्यासाठी लोकभाषेने 'दानत' हा शब्द निवडला आहे. तो ऐकताच 'दान' या संस्कृत शब्दाची आठवण होते आणि 'दानत' ही त्याचीच लेक असावी असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचे मूळ कोशकार 'दियानत' या अरबी शब्दात दाखवतात, ज्याचा फार्सी आणि उर्दूतील प्रचलित अर्थ सचोटी, विश्वासूपणा असा आहे. सचोटी सांगणारा शब्द मराठीत येऊन औदार्य कसा सांगू लागला, हे समजून घ्यायचे तर संस्कृत आणि फार्सी या दोन्ही परंपरांकडे पाहावे लागते, आणि त्या दोन्हींच्या खुणा जिथे शेजारी शेजारी आढळतात असा एक प्रदेश म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी आणि तिचा परिसर.

उदार म्हणजे उंचावलेला

'उदार' या संस्कृत शब्दाची फोड 'उद्' हा वर जाण्याचा अर्थ देणारा उपसर्ग आणि 'ऋ' हा गतिवाचक धातू अशी केली जाते. त्यामुळे त्याचा मूळ अर्थ वर आलेला, उंचावलेला असा होतो. वैदिक वाङ्मयात हा शब्द वर चढणाऱ्या धुक्यासाठी किंवा बाष्पासाठीही आला आहे. पुढे या भौतिक उंचीवरून श्रेष्ठ, थोर, सरळ मनाचा आणि शेवटी सढळ हाताने देणारा असे अर्थ निघत गेले. अभिजात संस्कृतात 'उदार' शब्दाच्या अर्थकक्षेत प्रामाणिकपणाही समाविष्ट होता, पण मराठीत येईपर्यंत ती छटा मागे पडली आणि देण्याची छटा ठळक झाली. मराठीने मात्र 'जिवावर उदार होणे' या वाक्प्रचारात त्या शब्दाला वेगळीच धार दिली. प्राणांची पर्वा न करणाऱ्याविषयी तो वापरला जातो, म्हणजे स्वतःचा जीव हीदेखील देऊन टाकण्याची वस्तू मानली जाते.

औदार्य म्हणजे निव्वळ धन देणे नव्हे, हा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पुरुषाच्या अंगी असणाऱ्या आठ सात्त्विक गुणांची गणना आहे : शोभा, विलास, माधुर्य, स्थैर्य, गांभीर्य, ललित, औदार्य आणि तेज. सात्त्विक गुण म्हणजे सत्त्वातून, अंतःकरणाच्या बळातून प्रकट होणारे गुण. त्यांपैकी औदार्याची व्याख्या करताना नाट्यशास्त्र तीन गोष्टी एकत्र आणते, त्या म्हणजे देणे, संकटात पाठीशी उभे राहणे आणि गोड बोलणे. ही तिन्ही आचरणे आपल्या माणसांशी आणि परक्यांशी सारखीच असावीत, अशी अटही ते घालते. म्हणजे एखाद्याने भरभरून दिले पण देताना शब्दांनी घायाळ केले, किंवा आप्तांना दिले आणि परक्याला दारातून परतवले, तर या व्याख्येनुसार त्याचे औदार्य अपुरे ठरते. हे विश्वच कुटुंब मानणाऱ्या माणसाला संस्कृत सुभाषितकारांनी 'उदारचरित' म्हटले, त्यामागेही हीच कल्पना आहे.

भिवंडीच्या भूमीवरील दानलेख

दहाव्या ते तेराव्या शतकांत उत्तर कोकणावर शिलाहार घराण्याचे राज्य होते आणि श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे एक प्रमुख केंद्र होते. या घराण्याचे अनेक दानलेख भिवंडीच्या आसपास मिळाले आहेत. राजा अपराजित याच्या शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७ च्या ताम्रपटात लवणेतट येथील लोणादित्य या सूर्यदेवतेला भादाणे हे गाव दिल्याची नोंद आहे. लवणेतट म्हणजे भिवंडी तालुक्यातील आजचे लोनाड आणि भादाणे हे गावही त्याच परिसरातले. लोनाड येथे दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०६ चा, तर जवळच्या चौधरपाडा येथे केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख मिळाला. आज गोदामांच्या रांगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आठशे-हजार वर्षांपूर्वी दानाची अशी कायमस्वरूपी नोंद ठेवण्याची प्रथा होती.

या प्रथेमागे शास्त्राचा आधार होता. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की भूमी दान करणाऱ्या राजाने भावी राजांच्या माहितीसाठी लेख करून ठेवावा, आणि हा लेख कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर असावा. या स्मृतीवर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याने 'अपरार्क' या नावाने ओळखली जाणारी विस्तृत टीका लिहिली, तो पहिला अपरादित्य हा उत्तर कोकणाचाच शिलाहार राजा होता. त्याने आपला दूत तेजकंठ याला काश्मीरमधील विद्वत्सभेला पाठवल्याचा उल्लेख मंखाच्या 'श्रीकंठचरित' या काव्यात आहे, आणि त्याची टीका काश्मीरमध्येही प्रमाण मानली गेली. दानाचे नियम सांगणाऱ्या ग्रंथावर भाष्य करणारा राजा आणि दानाचे लेख कोरवणारे घराणे अशी दुहेरी परंपरा या प्रदेशाला लाभली आहे.

हे नियम पाहिले की दान आणि सचोटी यांचे नाते लक्षात येते. याज्ञवल्क्याच्या मते माणसाने जे स्वतःचे आहे तेच द्यावे आणि तेही कुटुंबाला बाध येणार नाही अशा बेताने द्यावे, तसेच एकदा दिलेले परत घेऊ नये. नारदस्मृती तर काय देता येत नाही याची यादीच देते. तीत 'निक्षेप', म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली ठेव, गहाण पडलेली वस्तू, मागून आणलेली वस्तू, अनेकांच्या मालकीचे सामायिक धन आणि आधीच दुसऱ्याला देऊ केलेली वस्तू यांचा समावेश आहे. दुसऱ्याचे जे आपल्या ताब्यात आहे ते उचलून तिसऱ्याला देणे कितीही परोपकारी दिसले, तरी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते दानच नाही. देणाऱ्याने आधी विश्वासू असले पाहिजे आणि नंतर उदार, असा हा क्रम आहे.

दानलेखांचे शेवट हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने सांगतात. पुढे कोणी हे दान मोडले तर त्याला काय पाप लागेल याची शापवचने ताम्रपटांच्या अखेरीस असतात, आणि शिलाहारांच्या काळातील कित्येक दानशिळांवर तर शिवीवजा शापाचे चित्रच कोरलेले असते. अशा शिळेला 'गधेगाळ' म्हणतात, कारण त्या शापात गाढवाचा उल्लेख असतो. गाव देणारा राजा देऊन मोकळा होई, पण ते दान टिकणे पुढच्या राजांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या हाती असे. त्यांच्या मनाची खात्री नसल्यामुळेच दगडावर एवढी कठोर भाषा कोरावी लागली.

फार्सीतून आलेले शब्दधन

चौदाव्या शतकापासून दख्खनमध्ये बहमनी आणि पुढे निजामशाही, आदिलशाही अशा सत्ता आल्या आणि महसूल, न्याय व पत्रव्यवहार यांत फार्सी भाषा रुळली. कल्याण-भिवंडीचा मुलूख निजामशाहीकडे होता. १६३६ च्या तहानंतर निजामशाहीचे कोकण आदिलशाहीकडे गेले आणि १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कल्याण व भिवंडी जिंकून घेतली. राज्ये बदलली तरी कागदपत्रांतील शब्द लगेच बदलले नाहीत आणि दरबारी फार्सीतले शेकडो शब्द कुलकर्ण्यांच्या दप्तरांतून गावोगावच्या बोलण्यात उतरले.

देण्याविषयीचे शब्दही याच वाटेने आले, पण प्रत्येकाचे नशीब वेगळे ठरले. 'इनाम' म्हणजे मुळात अनुग्रह किंवा बक्षीस. मराठीत तो जमिनीच्या हक्काचा शब्द झाला आणि त्यातून इनामदार निर्माण झाले. 'खैरात' हे 'सत्कृत्ये' या अर्थाचे अरबी अनेकवचन आहे, परंतु मराठीत 'खैरात वाटणे' म्हणजे पात्रापात्र न पाहता उधळणे असा काहीसा हेटाळणीचा अर्थ त्याला चिकटला. 'दिलदार' हा शब्द फार्सी काव्यात हृदय ताब्यात ठेवणाऱ्या प्रिय व्यक्तीसाठी येतो, तर मराठीत तो मोकळ्या मनाच्या, मित्रांवर जीव टाकणाऱ्या आणि हिशेब न ठेवणाऱ्या माणसाचे वर्णन करतो. 'दर्यादिल' म्हणजे ज्याचे मन समुद्राएवढे आहे असा. तो मराठीत कळतो, पण रोजच्या बोलण्यात फारसा रुजला नाही.

'दियानत' हा शब्द या सर्वांपेक्षा वेगळ्या वळणाचा आहे. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मूळ सांगाड्यापासून बनतात. 'दियानत'चा सांगाडा 'द-य-न' असा असून धर्म या अर्थाचा 'दीन' शब्दही त्याच सांगाड्यातून आला आहे. कर्ज या अर्थाचा अरबी शब्दही याच तीन अक्षरांचा आहे. 'दियानत'चा मूळ अर्थ धर्मनिष्ठा. धर्माला भिऊन वागणारा माणूस व्यवहारात फसवत नाही, या समजुतीतून फार्सीत आणि उर्दूत त्याला सचोटी, इमान असा अर्थ आला. उर्दूत आजही प्रामाणिक माणसाला 'दियानतदार' म्हणतात. मुघल अमलात अधिकाऱ्यांना 'दियानतखान' असा किताब दिला जाई आणि आदिलशाहीत 'दियानतराव' हे नाव आढळते. सरकारी पैसा हाताळणाऱ्यांच्या जगात हा गुण किती मोलाचा होता, हे या नावांवरून कळते.

दियानतची दानत

मराठीच्या जिभेवर 'दियानत'मधला 'दि' दुबळा झाला, 'द्या' असे जोडाक्षर होऊन पुढे तेही विरले आणि 'दानत' असे आटोपशीर रूप उरले, असा हा ध्वनिबदल समजता येतो. हिंमत, किंमत, दौलत, बरकत, इज्जत, हरकत हे अरबीतून आलेले शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहेत आणि 'दानत'ही त्यांच्याप्रमाणे स्त्रीलिंगी राहिली. त्याच वेळी पंगत, रंगत, संगत, बचत अशा देशी घडणीच्या शब्दांतही शेवटी 'त' असल्यामुळे तिचा परकेपणा कानाला जाणवला नाही. 'संगत' संस्कृतातून आणि 'सोबत' अरबीतून आली असूनही मराठी माणूस दोन्ही शब्द एकाच श्वासात उच्चारतो, तसेच 'दान' आणि 'दानत' यांचे झाले.

पुढची पायरी अर्थाची होती. परक्या किंवा अपारदर्शक शब्दाला ओळखीच्या शब्दाशी जोडून त्याचा अर्थ लावण्याच्या लोकांच्या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची असली तरी भाषेला खरोखर वळण लावण्याची ताकद तिच्यात असते. 'दानत' या शब्दात 'दान' ऐकू येऊ लागले आणि सचोटीचा अर्थ हळूहळू मनाची वृत्ती, मग देण्याची वृत्ती असा सरकत गेला. जुना अर्थ मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही. 'त्याची दानत चांगली नाही' किंवा 'पैसा पाहून दानत फिरली' असे म्हणताना दान कुठेच नसते. तिथे नियत, हेतू, दुसऱ्याच्या वस्तूविषयीची बुद्धी हाच अर्थ असतो. 'देण्याची दानत' असे म्हणताना मात्र औदार्याचा अर्थ पुढे येतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांत अशी ये-जा चालू असल्यामुळे 'दानत' या शब्दाला जी खोली आहे ती 'औदार्य' या शुद्ध संस्कृत शब्दालाही नाही.

मराठीतून फार्सी-अरबी शब्द काढण्याचे प्रयत्न किमान दोनदा जाणीवपूर्वक झाले. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' तयार करून दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, आणि विसाव्या शतकात वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. याच विसाव्या शतकात, १९२५ साली, माधव त्र्यंबक पटवर्धन म्हणजेच कवी माधव जूलियन यांनी 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करून या शब्दांचा मागोवा घेण्याचे साधन अभ्यासकांच्या हाती दिले. हे सर्व होऊनही 'दानत'ला पर्याय शोधण्याची गरज कोणाला भासलेली दिसत नाही. तिचा चेहरा संस्कृतासारखा होता, हे त्याचे एक संभाव्य कारण. तिच्या जागी ठेवता येईल असा दुसरा शब्दच नव्हता, हे त्याहून मोठे कारण असावे.

ठेव आणि औदार्य

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. तिच्या ऐतिहासिकतेविषयी इतिहासकारांनी शंका घेतल्या असल्या, तरी लोकांना औदार्य कशाला म्हणावेसे वाटले हे समजण्यासाठी ती उपयोगी आहे. या कथेत शिवाजी महाराज स्वतःच्या खजिन्यातून काही देत नाहीत. हाती आलेल्या स्त्रीला ते सन्मानाने तिच्या घरी परत पाठवतात. लोकमानसाने महाराजांच्या मनाच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणून ही कथा जपली, याचा अर्थ असा की जे आपले नाही त्यावर हक्क न सांगणे हेसुद्धा लोकांच्या लेखी औदार्यच होते. 'दियानत' आणि 'दानत' यांचे अर्थ इथे एकमेकांत मिसळतात.

आजच्या भिवंडीत हा अर्थ व्यापाराच्या रोजच्या व्यवहारात दिसतो. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, त्यांच्याआधीपासून इथे राहणारे कोकणी मुसलमान, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि आसपासच्या गावांतले आगरी, कुणबी, आदिवासी अशा अनेक समाजांनी हे शहर घडवले. विसाव्या शतकात हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि भिवंडी हे देशातील यंत्रमागांचे एक मोठे केंद्र झाले. इथल्या विणकामाचा मोठा भाग मजुरीवर चालतो, म्हणजे व्यापारी सूत देतो, मागवाला त्या सुताचे कापड विणतो आणि ठरलेली मजुरी घेऊन कापड व्यापाऱ्याच्या हवाली करतो. कापड तयार होईपर्यंत सूत कारखान्यात असले तरी ते मागवाल्याचे नसते. जुन्या भाषेत तो निक्षेप, उर्दूत ती अमानत आणि मराठीत ती ठेव. विणताना किती सूत वाया गेले, ताग्याची लांबी पुरी भरली की नाही, मजुरी वेळेवर चुकती झाली की नाही, या सर्व ठिकाणी कागदाइतकाच शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. उर्दू बोलणारा कारखानदार अशा विश्वासू माणसाला दियानतदार म्हणेल आणि मराठी बोलणारा त्याची दानत चांगली आहे असे म्हणेल. एकाच अरबी शब्दाची ही दोन रूपे आहेत, हे दोघांनाही ठाऊक असेलच असे नाही.

नाट्यशास्त्राने घातलेली परक्यांविषयीची अट मात्र या शहरासाठी सर्वांत कठीण ठरली. मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये भिवंडीत भीषण जातीय दंगली झाल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि पोलीस या समित्यांत नियमित एकत्र बसत आणि किरकोळ भांडणे वाढण्याआधीच मिटवली जात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, आणि त्याचे मोठे श्रेय या समित्यांना दिले जाते. या समित्यांत कोणी कोणाला वस्तू किंवा पैसा देत नव्हते. समोरच्याच्या हेतूवर विश्वास ठेवणे आणि स्वतःच्या हेतूची परीक्षा होऊ देणे एवढेच तिथे अपेक्षित होते. देणे, पाठीशी उभे राहणे आणि गोड बोलणे या तीन अंगांपैकी शेवटची दोन अंगे इथे शहराच्या सुरक्षिततेचा आधार झाली.

कसोटी कोणाची

जगातल्या अनेक भाषांनी औदार्याला उंची, आकार किंवा कुळ यांच्याशी जोडले आहे. संस्कृतातील उदार माणूस उंचावलेला, फार्सीतील दर्यादिल माणूस समुद्राएवढ्या मनाचा, आणि युरोपीय भाषांतील औदार्यवाचक शब्द ज्या लॅटिन विशेषणातून आला त्याचा मूळ अर्थ कुलीन असा आहे. या सर्व कल्पनांत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. गाव दान देण्यासाठी राजा असावे लागते आणि ताम्रपट कोरवण्यासाठी सत्ता लागते, त्यामुळे शिलाहारांच्या लेखांतून कोणत्याही विणकराचे किंवा कुणब्याचे औदार्य आपल्यापर्यंत पोहोचू शकले नाही.

'दानत' हा शब्द ही अट घालत नाही. तिचा पाया सचोटीवर असल्यामुळे ती कोणाकडेही मागता येते आणि कोणातही आढळू शकते. दुसऱ्याचे सूत जपून विणणाऱ्या कामगाराला दानत असू शकते आणि सामायिक निधीतून स्वतःच्या नावाची पाटी लावून घेणाऱ्या धनवंताला ती नसू शकते. नारदाच्या यादीप्रमाणे पाहिले तर त्या धनवंताचे देणे हे दानही ठरत नाही. देणाऱ्याचे मोजमाप त्याने किती दिले यावरून करण्यापूर्वी, जे दिले ते त्याचे होते का आणि जे त्याचे नव्हते ते त्याने कसे सांभाळले, हे प्रश्न विचारण्याची सोय मराठीला या एका शब्दाने करून दिली आहे.